बिअर्डेड ड्रॅगनची नुकती जन्मलेली पिल्लं : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर अशा ठिकाणांहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक माहिती पहिल्या तीन महिन्यांच्या पिल्लांसाठी आहे. परदेशी माहितीपत्रकं कोरड्या हवेच्या घरांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे जूनमध्ये ती जशीच्या तशी पाळली तर पिल्लू आजारी पडतं, म्हणून जिथे इथली हवा आड येते तिथे उत्तर लांबलं आहे.

१. बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे नेमकं काय? घोरपडीच्या जातीचा आहे का?

नाही. तो आपल्या बागेतल्या सरड्याच्या कुळातला, म्हणजे अगॅमिडी कुळातला. घरी पाळली जाते ती जात पोगोना व्हिटिसेप्स. तिचं मूळ ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या, उघड्या माळरानात. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाजारातली पिल्लं पिढ्यान् पिढ्या बंदिवासातच वाढलेली असतात. घोरपड ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधली आहे. ‘ड्रॅगनचंच पिल्लू आहे’ म्हणून कोणी घोरपडीचं पिल्लू दाखवत असेल तर हातही लावू नका.

२. घरी ठेवणं कायदेशीर आहे का? कागद कोणते घ्यायचे?

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले परदेशी प्राणी त्यात अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. जी जात यादीत नाही तिला ही नोंदणी लागत नाही. पण याद्या बदलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी शास्त्रीय नावाने यादी तपासा. विकणाऱ्याकडून तारखेची पावती घ्या, तीवर ‘पोगोना व्हिटिसेप्स’ आणि ‘बंदिवासात जन्मलेले’ असं लिहून घ्या. दुकान असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार झालेल्या नोंदणीचा क्रमांक मागा. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

३. पिल्लू किती दिवसांचं झाल्यावर आणावं?

सहा ते आठ आठवड्यांच्या आधी नको. तोवर ते रोज नीट खातंय, वजन धरतंय आणि शेपटी-बोटं शाबूत आहेत एवढं दिसलेलं असतं. एका आठवड्याचं पिल्लू स्वस्त मिळतं, कारण त्यातली जोखीम विकणारा तुमच्या गळ्यात घालतो.

४. अंड्यातून डोकं बाहेर आलंय, पण कालपासून तसंच बसलंय. ओढून काढू का?

अजिबात नाही. पिल्लू अंड्याला चीर पाडतं आणि डोकं बाहेर काढून २४ तास, कधी त्याहून जास्त वेळ, तसंच बसतं. या काळात पोटाखालचा उरलेला बलक आत ओढला जात असतो. ओढलंत तर बलकाची पिशवी फाटते, आणि मग बहुधा पिल्लू हाती लागत नाही.

बलकाची पिशवी बाहेर लोंबत असतानाच ते बाहेर आलं, तर स्वच्छ डब्यात ओलसर टिश्यूपेपर घालून त्यावर ठेवा आणि डबा इन्क्युबेटरमध्येच राहू द्या. कापू नका, पुसू नका. एक-दोन दिवसांत पिशवी सुकते किंवा आत जाते. सगळं सुरळीत असलेलं पिल्लूसुद्धा बाहेर आल्यावर दिवसभर इन्क्युबेटरमध्येच ठेवावं, मग टाकीत हलवावं. जन्मताना लांबी शेपटीसकट साधारण १० सेंमी आणि वजन २ ते ३ ग्रॅम असतं.

५. तीन दिवस झाले, काहीच खात नाही.

पोटातल्या बलकावर दोन ते चार दिवस निघतात, ते ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून बारीक किडे आणि चिरलेला पाला समोर ठेवायला सुरुवात करा. पाचव्या दिवशीही तोंड लावलं नाही तर आधी तापमान मोजा (प्रश्न ८). थंड पिल्लाला भूकच लागत नाही.

६. जागा केवढी लागते? घरात माशांचा जुना टँक पडून आहे, तो चालेल का?

एका पिल्लाला पहिले दोन-तीन महिने ६० × ३० × ३० सेंमी पुरतात. मोठ्या टाकीत बारीक किडे सापडत नाहीत आणि पिल्लू उपाशी राहतं. प्रौढाला मात्र किमान १२० × ६० × ६० सेंमी लागते, हे आजच ठरवून ठेवा.

माशांचा टँक उन्हाळ्यात एक वेळ चालेल, पावसाळ्यात नाही. चार बाजूंनी काच आणि फक्त वर उघडा, त्यामुळे दमट हवा तळाशी साचते. ॲक्वेरियम बनवणाऱ्या कारागिराला समोरून सरकणारी काच, एका कडेला खाली आणि दुसऱ्या कडेला वर बारीक स्टीलची जाळी, असं सांगितलं की तो करून देतो. गरम हवा वरच्या जाळीतून निघते आणि खालून ताजी येते. सुताराकडून करून घेत असाल तर साधा प्लायवूड टाळा. ऑगस्टपर्यंत फुगतो आणि सांध्यांत बुरशी धरतो. पीव्हीसी फोम शीट बरी.

आत दिव्याखाली एक खडबडीत फांदी किंवा सपाट दगड, थंड बाजूला लपायला एक जागा, एवढं पुरे. टाकीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या लागल्या तर पिल्लाला पळायला जागा नसते.

७. तळाला वाळू पसरू का? वाळवंटातला प्राणी आहे ना?

वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल. पिल्लू किड्यावर झडप घालताना तोंडभर वाळू खातं आणि आतडं तुंबतं. कोकोपीट ओलावा धरतं, म्हणून तेही नको.

८. ठाण्यात एवढा उकाडा आहे. तरी बास्किंगचा, म्हणजे अंग तापवायचा, दिवा लागतोच?

लागतो, आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खोली गरम असणं वेगळं आणि पिल्लाला तापायला एक ठिकाण असणं वेगळं. खोलीत ३३ अंश असले तरी पिल्लाला दिव्याखालच्या दगडावर ४० ते ४३ अंश हवेत. तिथे अंग तापवून ते खाल्लेलं पचवतं आणि नको झालं की थंड बाजूला जातं. दिवा नसेल तर सगळी टाकी एकसारखी ३३ अंशांची होते. पचायला ती अपुरी आणि विसाव्याला जास्त गरम. पिल्लू सुस्तावतं, पोटातला किडा कुजतो, आणि घरच्यांना वाटतं ‘उन्हाने मलूल झालंय’.

दिवा असा लावा:

- टाकीच्या एका टोकाला, मध्यभागी नाही. ६० सेंमीच्या टाकीला साधारण ४० ते ६० वॅटचा हॅलोजन पुरतो. एलईडीने उजेड मिळतो, ऊब नाही.
- होल्डर सिरॅमिकचा घ्या. साधा प्लास्टिकचा होल्डर काही आठवड्यांत ठिसूळ होतो किंवा वितळतो.
- दिव्याला डिमर किंवा डिमिंग थर्मोस्टॅट जोडा. फक्त चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिवा सारखा मिचकवत राहतो.
- दगडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटर गनने मोजा. काचेला चिकटवायची गोल तबकडी काचेचं तापमान दाखवते, दगडाचं नाही.
- थंड टोक २६ ते २९ अंश. रात्री सगळे दिवे बंद, २० ते २५ अंश चालतात.

ठाण्यात जानेवारीतही बंद खोली सहसा १८ च्या खाली जात नाही, म्हणून रात्रीचा हीटर बहुतेकांना लागत नाही. लाल-निळे ‘रात्रीचे दिवे’ आणि विजेवर तापणारे दगड दोन्ही नकोत. पहिल्याने झोप मोडते. दुसऱ्याने पोट भाजतं, कारण या प्राण्याला पोटाखालची उष्णता नीट कळत नाही.

९. यूव्हीबी ट्यूब कोणती? खिडकीतून छान ऊन येतं, ते पुरेल ना?

खिडकीची काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, अडवते. काचेमागच्या उन्हाने टाकी तापते, ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही.

टी५ एचओ प्रकारची १० ते १२ टक्क्यांची नळी घ्या, टाकीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त. ती बास्किंगच्याच बाजूला लावा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकत्र मिळतात. मध्ये जाळी नसेल तर बसायच्या जागेपासून ३० ते ३८ सेंमीवर ठेवा. जाळीवरून लावली तर जाळी साधारण तिसरा हिस्सा खाते, तेवढी जवळ आणा. मोजायचा मीटर कोणाकडून मिळाला तर बसायच्या जागी यूव्ही इंडेक्स ३ ते ४ असावा. ३० सेंमी उंचीच्या टाकीत नळी आत बसवू नका, वर जाळीवरच ठेवा.

टी५ नळी १२ महिन्यांनी आणि जुन्या पद्धतीची टी८ सहा महिन्यांनी बदलायची. उजेड देत असली तरी. यूव्हीबी आधी संपतो, उजेड नंतर. बसवल्याची तारीख मार्करने नळीच्या टोकावर लिहा. गुंडाळलेल्या छोट्या कॉम्पॅक्ट यूव्हीबी दिव्यांचा झोत अगदी लहान पट्ट्यात पडतो, त्यांच्यावर विसंबू नका. दिवे रोज १२ ते १४ तास, टायमरवर.

१०. बाल्कनीत खरं ऊन दाखवलं तर?

उत्तमच. सकाळी नऊच्या आधीचं कोवळं ऊन, १५-२० मिनिटं, जाळीच्या टोपलीत, अर्ध्या टोपलीवर फडक्याची सावली. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ऊन दाखवू नका. काही मिनिटांत आतलं तापमान जीव घेण्याइतकं चढतं. शेजारी बसून राहा. कावळा टोपली उलटवतो आणि घारीला तीन ग्रॅमचं पिल्लू वरून बरोबर दिसतं. उन्हामुळे ट्यूबची गरज संपत नाही, कारण जून ते सप्टेंबर ऊन नसतंच.

११. पावसाळ्यात हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ८५-९० टक्के दाखवतो. काय करावं?

या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत तेवढी मिळणार नाही, आणि मिळवायचा हट्टही धरू नका. दिवसा टाकीत ६० च्या खाली आणता आली तरी बहुतेक पिल्लं तगून जातात. घात होतो तो दमट आणि गार अशा जोडीने. दमट पण नीट तापलेली टाकी त्यामानाने सोसते.

पहिली गोष्ट, बास्किंगचा दिवा वेळेवर लावा. दिव्याखालची हवा आपोआप कोरडी होते. ‘आज थंड आहे, राहू दे’ असं म्हणत दिवा बंद ठेवणं हीच खरी चूक. दुसरी, फवारणी पूर्ण बंद. पाण्याची वाटीही टाकीतून काढा आणि पाणी थेंबाने पाजा (प्रश्न १८). तिसरी, टाकी स्वयंपाकघर, बाथरूम आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपासून लांब ठेवा. ओले कपडे वाळणाऱ्या खोलीत हायग्रोमीटर खाली येतच नाही. खोलीला एसी असेल तर ड्राय मोड, नसेल आणि जमत असेल तर छोटा डीह्युमिडिफायर. टाकीत सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, पिल्लू त्या चावतं. चौथी, कागद रोज बदला.

श्वास घेताना कटकट किंवा शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी फेस, गळा फुगवून श्वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. फुफ्फुसाचा संसर्ग घरच्या उपायांनी बरा होत नाही, आणि वाफारा तर मुळीच देऊ नका.

१२. मे महिन्यात खोलीच ३५-३६ अंशांवर जाते. मग?

इथे उलट अडचण आहे. थंड टोक ३२ च्या वर गेलं की पिल्लाला पळायला जागा उरत नाही. कमी वॅटचा दिवा लावा, किंवा सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सहा असा दोन तुकड्यांत लावा. यूव्हीबी ट्यूब मात्र दिवसभर. दुपारी खोलीत पंखा किंवा एसी चालू ठेवा, झोत टाकीवर नको. पश्चिमेच्या भिंतीजवळची टाकी हलवा.

थंड टोकालाही तोंड वासून बसणं आणि काचेवर सारखं खरवडणं ही उष्णतेची खूण. त्याला साध्या गार खोलीत न्या, कोमट पाण्यात पाय भिजतील एवढंच ठेवा. बर्फ, फ्रिजचं पाणी नको.

१३. लाइट गेली तर?

तीन-चार तासांनी काही होत नाही. फक्त दिवा नसताना खायला घालू नका. शेवटचं खाणं झाल्यावर दिवा दोन तास तरी चालू हवा, म्हणून महावितरणच्या शटडाऊनचा मेसेज आला की त्या दिवशीचं खाणं आधी उरकून घ्या. थंडीत रात्रभर लाइट गेली तर टाकीवर चादर घाला, हवेला फट ठेवून.

१४. खायला काय, किती आणि किती वेळा?

या वयात ताटाचा मोठा वाटा किड्यांचा, ७५-८० टक्के, बाकी पाला. दिवसातून तीन वेळा, दर वेळी १० ते १५ मिनिटांत खाईल तेवढं. दिवसाला ३० ते ५० बारीक किडे सहज जातात, आणि नवख्या माणसाच्या खर्चाचा अंदाज इथेच चुकतो.

किड्याची रुंदी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. मोठा किडा अर्धवट गिळला तर पाठीच्या कण्यावर दाब येऊन मागचे पाय लुळे पडल्याची प्रकरणं होतात. नुकत्या जन्मलेल्याला ३ ते ५ मिमीचे क्रिकेट (रातकिडे) किंवा दुबियाची (परदेशी झुरळाची एक जात) पिल्लं. दुबिया गुळगुळीत काचेवर चढत नाही आणि आवाज करत नाही, म्हणून फ्लॅटमध्ये सोयीचा. क्रिकेटमध्ये फक्त मोठे नर किरकिरतात, लहान गप्प असतात. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांत कॅल्शियम चांगलं असतं, पण ओल्या कचऱ्यावर वाढवलेल्या नकोत. मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) पक्ष्यांच्या दुकानात सहज मिळतात, पण पहिले काही महिने नको. कवच कडक आणि मांस कमी.

किडे देण्याआधी २४ तास गाजर, दुधी, शेवग्याचा पाला खाऊ घाला. उपाशी क्रिकेट म्हणजे नुसतं टरफल. क्रिकेटच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवू नका, गाजराचा तुकडा पुरतो. दमट डब्यात अख्खा लॉट दोन दिवसांत मरून वास मारतो. वाण्याकडून अंड्यांचे कोरडे ट्रे आणा आणि ओलसर झाले की बदला. पिल्लाने सोडलेले किडे रात्री टाकीत ठेवू नका. अंधारात क्रिकेट झोपलेल्या पिल्लाच्या बोटांना आणि पापण्यांना चावतात.

१५. बागेतले नाकतोडे, घरातली झुरळं, पावसात दिव्यावर येणारे पंखवाले किडे दिले तर? फुकट मिळतात.

नको. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं, झुरळ जेल खाऊन फिरत असतं आणि मेलेलं नसतं. बागेत फवारणी कधी झाली हे माळ्यालाही धड आठवत नाही. शिवाय जंत येतात. काजवा तर कधीच नाही: अमेरिकेत एकेक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

घरात पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा पिल्लू आणि किड्यांचे डबे दोन्ही दुसऱ्या घरी हलवा. निदान २४ तास, आणि परत आणण्याआधी खिडक्या उघडून हवा खेळू द्या. डासांची कॉइल आणि लिक्विड मशीन त्या खोलीत लावू नका. खिडकीला जाळी लावा.

१६. आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. फक्त भाज्यांवर वाढेल का?

नाही. प्रौढ झाल्यावर पाल्याचं प्रमाण बरंच वाढतं, पण वाढत्या पिल्लाला किडे लागतातच, आणि मोठेपणीही ते पूर्ण बंद होत नाहीत. घरात जिवंत किडे चालणार नसतील तर हा प्राणी न आणणं बरं.

१७. कोणत्या भाज्या द्यायच्या? आणि कॅल्शियमसाठी खायचा चुना चालेल का?

चुन्याचं आधी: कधीही नाही. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, पण घरी कुटलेला खरबरीत राहतो आणि किड्याला नीट चिकटत नाही. माणसांच्या गोळ्यांत ड-३ चं प्रमाण माणसांच्या हिशेबाने असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची फॉस्फरसविरहित बारीक पावडरच घ्या.

किडे झिपच्या पिशवीत, चिमूटभर पावडर, दोनदा हलवा, लगेच द्या. साधी कॅल्शियम पावडर रोज एका खाण्याला. प्रश्न ९ प्रमाणे ट्यूब असेल तर ड-३ असलेली पावडर आठवड्यातून दोन दिवस, मल्टिव्हिटॅमिन एक दिवस. ‘जास्त दिलं तर जास्त बरं’ हे ड-३ ला लागू नाही. ते शरीरात साठतं.

पाला: शेवग्याची कोवळी पानं रोज चालतात, आणि आपल्या बाजारातला हा सगळ्यात चांगला पाला. मोहरीची पानं, मुळ्याचा पाला, थोडी कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, दुधी, कीटकनाशक न मारलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या. मेथी, शेपू अधूनमधून. पालक, माठ आणि चवळई टाळा, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अळू पूर्ण वर्ज्य. त्याचे स्फटिक आपल्या घशाला खाजवतात तेच इथे होतं. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकाडो नको. फळ आठवड्यातून एकदा पपईचा कण. सगळं मेथी निवडल्यासारखं बारीक चिरून सकाळी पहिल्या किड्यांच्या आधी ठेवा. पहिले काही आठवडे ते ढुंकूनही पाहणार नाही, तरी रोज ठेवायचं.

१८. पाणी पीत नाही. अंघोळ घालायची का?

साचलेलं पाणी पिल्लाला सहसा ओळखू येत नाही. सकाळी ड्रॉपरने नाकाच्या टोकावर एक थेंब सोडा, ते चाटून घेतं; तोंड बळेच उघडू नका, पाणी फुफ्फुसात जातं. आठवड्यातून एकदा-दोनदा ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, पाणी पिल्लाच्या कोपरापर्यंतच, तुम्ही समोर. नंतर टिपून लगेच दिव्याखाली. ही भांडी आणि जागा स्वयंपाकघरातली नको (प्रश्न २२). विष्ठेचा पांढरा भाग पिवळा-केशरी होणं, डोळे खोल जाणं ही पाणी कमी पडल्याची लक्षणं.

१९. दोन भावंडं एकत्र ठेवली तर खेळतील ना?

एकमेकांच्या अंगावर बसतात ते प्रेमाने नाही, उबेची जागा अडवायला. दबलेलं पिल्लू कमी खातं, मागे पडतं, आणि मग मोठं त्याची हलणारी बोटं किडा समजून तोडतं. सुरुवातीपासून वेगळ्या टाक्या, आणि काचेतून एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा.

चावलं असेल तर लगेच वेगळं करा. पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून दिवसातून दोनदा लावा. तुटलेला भाग काळा पडून वर सरकत असेल तर डॉक्टरकडे. पालीसारखी शेपटी परत येत नाही.

२०. तोंड उघडं ठेवतं, दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी करतं, हात हलवतं. आजारी आहे का?

दिव्याखाली तोंड उघडून बसणं नेहमीचं. जास्तीची उष्णता ते अशी टाकतं. दिव्यापासून दूर, थंड बाजूला तसं करत असेल तर प्रश्न ११ आणि १२ वाचा. एक हात गोल फिरवणं म्हणजे ‘मी लहान आहे, मारू नको’. समोर काचेत प्रतिबिंब दिसत असेल. काळी दाढी भीतीने, थंडीने किंवा दुखण्याने होते. दिवसभर तशीच राहिली तर लक्ष द्या.

२१. डॉक्टरकडे कधी जायचं? जवळ कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना आहे.

फोन करून ‘सरपटणारे प्राणी बघता का’ एवढं पिल्लू आणायच्या आधीच विचारा. आजारी पडल्यावर शोधण्यात दिवस जातो. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि दर आठवड्याला एकाच वेळी वजन लिहा. दोन आठवडे वजन जागचं हललं नाही, किंवा दहावा हिस्सा घटलं, तर वाट पाहू नका.

बोटं आणि पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, पोट घासत चालणं ही हाडं मऊ पडण्याची लक्षणं. लवकर सापडलं तर थांबवता येतं, वाकलेलं हाड सरळ होत नाही. सारखी मान वर वळवून आकाशाकडे बघणं आणि वाढ खुंटणं यामागे अ‍ॅडेनोव्हायरस असू शकतो. त्यावर औषध नाही, पण बाकीची पिल्लं लगेच वेगळी काढावी लागतात. पातळ, घाण वासाची विष्ठा असेल तर ताजा नमुना छोट्या डबीत घेऊन जा. कोक्सिडियाचं (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचं) निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. तीन-चार दिवस शी झाली नाही आणि पोट फुगलं तर तेलाचे थेंब पाजत बसू नका.

२२. घरात तीन वर्षांचं मूल आहे. धोका आहे का?

निरोगी पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी आणि खूप वृद्धांनी पिल्लू व टाकी हाताळू नये. बाकीच्यांनी दर वेळी साबणाने हात धुवावेत. टाकीची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये नकोत. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीच फार उचलू नये, नंतर दिवसाला पाच-दहा मिनिटं, जमिनीवर बसून. हातातून फरशीवर पडणं हे मोडलेल्या पायांचं नेहमीचं कारण.

२३. नर की मादी कसं ओळखायचं?

दोन महिन्यांच्या आत ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढे शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसले तर नर, मध्ये एकच दिसला तर मादी. गंमत म्हणजे या जातीत अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन बाहेर येतात, आणि अंडीही देतात.

२४. एकट्या मादीने अंडी घातली. उबवू का?

नराशिवायही मादी अंडी घालते, ती रिकामी असतात. पण पूर्वी नरासोबत असेल तर साठवलेल्या बीजामुळे महिन्यांनंतरची अंडीही भरीव असू शकतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून गुलाबी रक्तवाहिन्या दिसतात का पाहा. दिसल्या आणि पंधरा-वीस पिल्लांच्या टाक्या, किडे आणि घरं यांची सोय नसेल, तर सुरुवातीच्या दिवसांतच अंडी फ्रीझरमध्ये ठेवणं योग्य.

उबवायचीच असतील तर वर्मिक्युलाइट (ओलावा धरणारं खनिज) आणि पाणी वजनाने समसमान, २८ ते २९ अंश, साधारण ५५ ते ७५ दिवस. अंड्याची वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच ठेवा, फिरवू नका. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही. एप्रिल-मेत खोली ३४ असेल तर आतही ३४ होणार, म्हणून त्या महिन्यांत तो एसीच्या खोलीतच ठेवावा लागतो.

२५. सांभाळणं जमत नाही. येऊरच्या जंगलात सोडून दिलं तर जगेल का?

सोडू नका, येऊरला नाही आणि खारघरच्या टेकडीवरही नाही. बहुतेक पिल्लं पहिल्याच पावसात मरतील, आणि जे जगेल ते इथल्या सरड्यांत नवे रोग नेईल. ज्याच्याकडून घेतलं त्याला परत द्या, किंवा पावती आणि वजनाच्या वहीसकट अनुभवी पाळणाऱ्याकडे सोपवा.

२६. गणपतीला पाच दिवस गावी जायचंय. जास्तीचं खाणं टाकून जाऊ का?

एक दिवस चालेल, पाच नाही. टाकलेले क्रिकेट पिल्लालाच चावतील (प्रश्न १४), पाला संध्याकाळपर्यंत वाळेल किंवा आंबेल. सोबत कोकणात नेणंही नको. दहा-बारा तासांचा प्रवास, वर उदबत्ती, धूप आणि फटाक्यांचा धूर.

शेजाऱ्याला दिवसातून दोनदा यायला सांगा. दर फेरीचे दुबिया मोजून वेगळ्या डब्यांत ठेवा आणि झाकणावर वार लिहा. शेवग्याचा पाला धुऊन, कोरडा करून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. दिवे टायमरवर. शेजाऱ्याने फक्त पावडर घालून डबा हलवायचा, खाणं द्यायचं, पंधरा मिनिटांनी उरलेले किडे काढायचे, नाकावर एक थेंब पाणी सोडायचं आणि दगडाचं तापमान मोजून फोटो पाठवायचा. जायच्या आदल्या दिवशी हे सगळं एकदा त्याच्याकडून करवून घ्या.